हेडमास्तरांची धाकटी लेक

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. आमच्या भजनी मंडळात भजन झालं की एकीनं काहीतरी वाचून दाखवायचं असा नेम आहे. परवा एकीनं फ्रान्सचे माजी अध्यक्ष फ्राँस्वा मितराँ यांच्या अंत्यविधीचं वर्णन वाचलं. लग्नाची बायको दानिएल तिथं उभी, आणि तिथंच ती दुसरी बाई आणि तिच्यापासून झालेली मुलगीसुद्धा. निम्म्या बायका म्हणाल्या, केवढी सहनशील! बाकीच्या म्हणाल्या, श्रीमंताघरच्या बायकांना कशाचं काही नसतं. वाद काही मिटला नाही. ही दानिएल कुठल्या घरची? तिचं माहेर कसलं होतं, तेवढं सांगा बघू.
— एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमच्या मंडळातल्या दोन्ही बाजूंचं मला पटलेलं नाही. दानिएल श्रीमंताघरची नव्हती, आणि सहनशील हे विशेषण मी तिला लावणार नाही. ती एका हेडमास्तरांची धाकटी लेक होती. तुम्ही माहेर विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण नवऱ्यापासून सुरुवात करतात आणि नवऱ्यापाशीच थांबतात.

जन्म २९ ऑक्टोबर १९२४, गाव व्हर्डन. शाळेत पहिलं महायुद्ध शिकताना जिथल्या लढाईचं नाव पाठ करावं लागायचं, तेच हे व्हर्डन. वडील आंतुआन गूझ शाळेचे मुख्याध्यापक, आई रने शिक्षिका. थोरला भाऊ रोजे, मग बहीण मादलेन, आणि तिच्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी दानिएल. वडील समाजवादी विचारांचे, आणि शाळेत धर्म येता कामा नये या मताचे पक्के. त्या काळच्या फ्रान्समध्ये सरकारी शाळेचा मास्तर आणि चर्चचा पाद्री ही गावातली दोन वेगळी टोकं होती. गूझ मास्तर कुठल्या टोकाला उभे होते हे गावाला विचारावं लागत नसे. नोकरी बदलीची, त्यामुळे मास्तरांच्या मुलांना नवं गाव, नवी शाळा, नवे शेजारी यांची सवय. आपल्याकडे शिक्षकाच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मी स्वतः नंदगड भागातल्या एका प्राथमिक शिक्षकाची मुलगी.

आता १९४० सालात या. जूनमध्ये फ्रान्स हिटलरपुढे हरला. म्हातारे सेनापती पेताँ यांनी व्हिशी या गावी सरकार थाटलं आणि जर्मनांशी जुळवून घेतलं. ३ ऑक्टोबर १९४० रोजी या सरकारनं कायदा केला, की ज्यूंना सरकारी नोकरीत राहता येणार नाही, शिकवताही येणार नाही. गूझ तेव्हा ल्यॉनच्या उत्तरेला असलेल्या विल्फ्राँश-सुर-सोन इथं मुख्याध्यापक होते. त्यांच्याकडे मागणी आली : तुमच्या शाळेतले ज्यू शिक्षक आणि ज्यू मुलं यांची यादी द्या.

त्यांनी दिली नाही.

यादी करणं हे मास्तराचं रोजचं काम असतं. मी सगळी नोकरी याद्या करण्यात घालवली आहे. पटावरची यादी, दुपारच्या जेवणाची यादी, फी माफीची यादी, जनगणनेची, मतदारांची. वरून कागद आला की खाली पेन चालतं, कुणी विचारत नाही ही यादी कशाला. मला त्या नकाराचं मोल वाटतं ते म्हणूनच. त्यांना कुणी बंदूक हातात घे म्हटलं नव्हतं. नेहमीच्या कामासारखंच दिसणारं एक काम सांगितलं होतं, एखादा रकाना जास्तीचा. समोरचा माणूस साहेब आहे, पगार त्याच्या हातात आहे, घरी बायकोमुलं आहेत. अशा वेळी त्या जास्तीच्या रकान्याकडे बघून "हे मी करणार नाही" म्हणायला जे लागतं, ते गूझ मास्तरांकडे होतं.

नोकरी गेली. बिऱ्हाड उचलून मंडळी बरगंडी प्रांतातल्या क्लुनी या गावी आपल्या घरी आली. क्लुनी म्हणजे इसवी सन ९१० मध्ये जिथं मोठा मठ स्थापन झाला ते गाव. रोममधलं सेंट पीटर बांधून होईपर्यंत इथलं चर्च ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं. आता मठाचा थोडाच भाग उभा आहे. त्या गावात आई शिकवण्या घेऊ लागली आणि घरातल्या खोल्या भाड्यानं दिल्या. टिळकवाडीत पेइंग गेस्ट ठेवणारी घरं तुम्ही पाहिली असतील. पण या घरातले भाडेकरू साधे नव्हते.

त्यातला एक होता आंरी फ्रने आणि दुसरी बर्टी आल्ब्रेख्त. जर्मनांविरुद्ध लढणारी 'कोंबा' नावाची गुप्त संघटना उभी करणारे हे दोघं. बर्टी त्यावेळी पन्नाशीला टेकलेली, दोन मुलांची आई, कारखान्यातल्या बायकांसाठी काम केलेली, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडलेली. दानिएल सतरा-अठराची. त्या वयात घरात अशी बाई वावरत असेल तर मुलगी काय पाहते, काय उचलते, हे मी वेगळं सांगायला नको. मे १९४३ च्या अखेरीला हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोनं, बर्टीला पकडलं, गूझांच्या घराचीही झडती झाली. काही दिवसांतच बर्टी पॅरिसजवळच्या फ्रेन तुरुंगात मरण पावली. मुक्तिलढ्यासाठी खास ठेवलेला मोठा सन्मान फ्रान्सनं हजाराहून जास्त लोकांना दिला. त्यात स्त्रिया फक्त सहा होत्या, आणि बर्टी त्यातली एक.

हे घडल्यावर घाबरून ते घर गप्प बसलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. दानिएल रानात लपून लढणाऱ्या तरुणांबरोबर परिचारिका म्हणून गेली. पुढे तिला प्रतिकार चळवळीचं पदक मिळालं, ते मिळालेल्यांत ती वयानं अगदी लहान होती. लक्षात घ्या, अजून नवरा या गोष्टीत आलेलाच नाही.

तो आला बहिणीमुळे. मादलेन पॅरिसमध्ये होती आणि तिच्या घरी 'मोर्लां' हे टोपणनाव घेतलेला एक भूमिगत पुढारी येत असे. त्यानं तिथं दानिएलचा फोटो पाहिला आणि हिच्याशी लग्न करणार असं जाहीर करून टाकलं. हाच फ्राँस्वा मितराँ. दानिएलला पहिल्या भेटीत तो फारसा आवडला नव्हता. ऑक्टोबर १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त झाल्यावर दोनच महिन्यांनी, त्यांचं लग्न झालं. तिला वीस वर्षंही पूर्ण व्हायची होती.

इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट झाकून ठेवणं मला जमणार नाही. भूमिगत होण्याआधी मितराँ यांनी याच व्हिशी सरकारात नोकरी केली होती आणि पेताँ यांच्या नावानं दिलं जाणारं मानचिन्हही घेतलं होतं. ज्या राजवटीनं सासऱ्याची नोकरी घेतली तिथं जावयानं पगार खाल्ला होता. पुढे अध्यक्ष झाल्यावर मितराँ यांना या गोष्टीची उत्तरं देत बसावं लागलं. दानिएलच्या माहेराला असली उत्तरं कुणालाच द्यावी लागली नाहीत. दुसरा जावई मात्र बघा. मादलेन पुढे क्रिस्तीन गूझ-रेनाल या नावानं चित्रपट निर्माती झाली आणि तिनं लग्न केलं नट रोजे आनँ याच्याशी. तो अल्जिअर्सच्या ज्यू कुटुंबातला. ज्यू मुलांची यादी द्यायला नकार देणाऱ्या मास्तरांच्या घरचा हा थोरला जावई.

संसार सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. पहिला मुलगा पास्काल १९४५ मध्ये झाला आणि काही महिन्यांतच गेला. मग १९४६ मध्ये जाँ-क्रिस्तोफ, १९४९ मध्ये जिल्बेर. नवरा मंत्री, मग विरोधी पक्षात, दोनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरलेला, आणि अखेर १० मे १९८१ ला जिंकलेला. बाहेर त्याची प्रकरणं चालूच. पण दर वर्षी पेन्टेकोस्टच्या सणाला तो सासुरवाडीच्या मुलखात यायचा आणि घरच्या मंडळींना, मित्रांना घेऊन सोल्युत्रेचा कडा चढायचा. अध्यक्ष झाल्यावर हाच कार्यक्रम सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांतून गाजू लागला. त्या सवयीचं मूळ मात्र गूझ मंडळींत.

अध्यक्षाच्या राजवाड्यात, एलिझेमध्ये, दानिएल राहायला गेली नाही. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधल्या र्‍यू द बिएव्र या अरुंद गल्लीत त्यांचं घर होतं, तिथंच राहिली. १९८६ मध्ये 'फ्राँस लिबेर्ते' ही संस्था तिनं काढली आणि नवऱ्याच्या परराष्ट्र खात्याला वर्षानुवर्षं डोकेदुखी दिली. तिबेटी, पश्चिम सहारातले लोक, मेक्सिकोतल्या चियापासचे आदिवासी. ज्यांच्या बाजूनं बोलल्यावर कुठलं तरी सरकार हमखास रागावेल, अशांच्या बाजूनं ती बोलली. कुर्दांसाठी तर जीव धोक्यात घातला. सद्दाम हुसेनच्या फौजेनं १९८८ मध्ये हलब्जा गावावर विषारी वायू सोडला, हजारो माणसं मेली. दानिएल त्या निर्वासितांच्या छावण्यांत गेली, आणि जुलै १९९२ मध्ये इराकी कुर्दिस्तानात तिच्या ताफ्यावर बॉम्बहल्ला झाला. ती वाचली, सोबतची काही माणसं वाचली नाहीत. कुर्द लोक तिला आई म्हणत.

१९८९ च्या शरद ऋतूत पॅरिसजवळच्या क्रेय गावी तीन मुस्लिम मुलींना डोक्यावरचा रुमाल काढायला तयार नाहीत म्हणून शाळेतून घालवलं. नवऱ्याच्या पक्षात यावरून फूट पडली. ही बाई तर शाळेत धर्म नको म्हणणाऱ्या हेडमास्तरांची मुलगी. तिनं जाहीरपणे मुलींची बाजू घेतली. बापाचा हट्ट काय होता हे तिला नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. शाळेच्या दारात मूल कुणाचं हे विचारायचं नाही, हा तो हट्ट. आपल्या कर्नाटकात या प्रश्नावरून काय झालं ते तुम्ही पाहिलंत. त्या दिवसांत मला या बाईची फार आठवण येत होती.

आता तुमच्या मंडळाच्या वादाकडे येते. मितराँ आणि आन पाँजो यांची मुलगी माझारीन डिसेंबर १९७४ मध्ये जन्मली. दानिएलला हे ठाऊक होतं. देशाला कळलं नोव्हेंबर १९९४ मध्ये, एका साप्ताहिकानं बापलेकीचे फोटो छापल्यावर. ८ जानेवारी १९९६ ला मितराँ गेले आणि तीन दिवसांनी त्यांच्या जन्मगावी, जार्नाकला, अंत्यविधी झाला. दानिएल आणि तिचे मुलगे होते, आन आणि एकवीस वर्षांची माझारीनही होती. जगभर फोटो गेले.

सोसणारी बाई खाली मान घालते. दानिएलनं कधी घातली नव्हती. नवऱ्याशी तिचं वेगळं आयुष्य कधीचं सुरू झालेलं होतं, दोघांनीही आपापले मार्ग धरले होते, आणि तरी राजकारणात दोघं एका बाजूला उभी राहिली. त्या दिवशी तिनं केलं ते एवढंच, की एका मुलीला तिच्या बापाच्या मातीला येऊ दिलं. कोण आपलं, कोण परकं याची यादी न देणाऱ्या घरात ती वाढली होती. माझ्या मते उत्तर तिथं आहे. मंडळातल्या बायकांना हे पटणार नाही, अशीही शक्यता आहे. नवऱ्यानं केलं ते बरोबर, असं मी म्हणत नाही. त्याचा हिशेब त्याच्याकडे.

आणखी एक. दानिएल २२ नोव्हेंबर २०११ रोजी, ८७ व्या वर्षी गेली. नवरा जार्नाकला पुरलेला आहे. ती तिथं नाही. तिला क्लुनीला नेलं, आईवडिलांजवळ.

प्रश्न : बाई, मागे तुम्ही एकदा या दानिएल बाईंनी पाण्यासाठी काम केल्याचं ओझरतं लिहिलं होतं. आम्ही कणकुंबीच्या बाजूचे. मलप्रभा आमच्याकडे उगम पावते, पावसाळ्यात चार महिने दार उघडता येत नाही इतका पाऊस, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला बादली खरवडायची. फ्रान्सच्या अध्यक्षाच्या बायकोला पाण्याचं दुखणं कसं कळलं?
— एक शेतकरी वाचक, तालुका खानापूर

उत्तर : दादा, तिला ते फिरून कळलं. ज्यांच्यासाठी ती जात असे त्या छावण्या आणि त्या आदिवासी वस्त्या, सगळीकडे भांडण शेवटी जमिनीचं आणि पाण्याचं निघायचं. शेवटची दहा-बारा वर्षं तिनं संस्थेचं सगळं वजन या एका विषयामागे लावलं. तिची मागणी सोपी होती. पाणी ही बाजारात विकायची वस्तू नव्हे, जगण्यापुरतं पाणी प्रत्येकाला मिळालंच पाहिजे, आणि त्याचा कारभार लोकांच्या हातात हवा, कंपनीच्या नव्हे. हे ती कुठल्या देशात बोलत होती बघा. पाणीपुरवठ्याच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या खासगी कंपन्या फ्रान्सच्याच, एक तर १८५३ पासूनची. पॅरिस शहराचा पाणीपुरवठाही पंचवीस वर्षं अशा कंपन्यांकडे होता, तो २०१० मध्ये महापालिकेनं परत आपल्याकडे घेतला.

आणि हे बेळगावपासून लांबचं नाही. आपल्या शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना जागतिक बँकेच्या मदतीनं प्रथम राबवली, तेव्हा चालवायला नेमलेली कंपनी फ्रेंचच होती. हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातही तीच. त्या वॉर्डांत नळ चोवीस तास चालू लागला, हे खरंच आहे. नळाला मीटर लागलं हेही खरं. दानिएलचा प्रश्न त्याच्या पुढचा होता : ज्याला मीटरचे पैसे देता येत नाहीत त्याचं काय, आणि ज्या डोंगरातून पाणी येतं तिथल्या माणसाचं काय? राकसकोपच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरानं हा दुसरा प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं. तुमच्या तालुक्यातल्या कळसा आणि भांडुरा या ओढ्यांवरून कर्नाटक आणि गोवा भांडतात, महाराष्ट्रही त्यात आहे, लवादानं २०१८ मध्ये निवाडा दिला तरी भांडण संपलेलं नाही. तीन राज्यांचे वकील बोलतात. कणकुंबीच्या माणसाच्या विहिरीबद्दल कोण बोलतं?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २८ जुलै २०१० रोजी स्वच्छ पिण्याचं पाणी हा मानवी हक्क आहे असा ठराव केला. त्यासाठी जगभर अनेकांनी खटपट केली, दानिएल त्यातली एक. हे व्हायला ती हयात होती याचा मला आनंद वाटतो.

प्रश्न : बाई, माझी धाकटी मुलगी डाउन सिंड्रोमची आहे. लोकांकडे नेऊ नको, असं घरचीच माणसं सांगतात. फ्रान्सच्या एका अध्यक्षांची मुलगी अशीच होती असं ऐकलं. तिच्या आईनं काय केलं?
— एक आई, निपाणी

उत्तर : बाळे, तुझं पत्र आलं तसं मी आधी हे उत्तर लिहायला घेतलं, म्हणून वरच्या दोघांनी रागावू नये.

त्या आईचं नाव इव्हॉन द गॉल, माहेरची वाँद्रू. जन्म १९००, कॅले बंदरातल्या बिस्किट कारखानदाराच्या घरी. हे घर मात्र खरोखर सधन. १९२१ मध्ये तिनं शार्ल द गॉल या सैन्यातल्या कॅप्टनशी लग्न केलं. तिसरं अपत्य आन, १ जानेवारी १९२८ ला जन्मली, डाउन सिंड्रोम घेऊन. त्या काळी बऱ्या घरांत अशा मुलाला एखाद्या संस्थेत ठेवून येत, पुन्हा नाव काढत नसत. इव्हॉननं आणि तिच्या नवऱ्यानं आनला जवळ ठेवलं. नवऱ्याची बदली बैरूतला झाली तेव्हा आन बरोबर गेली. जून १९४० मध्ये जर्मन ब्रिटनीपर्यंत आले तेव्हा इव्हॉन मुलांना घेऊन बोटीनं इंग्लंडला निघाली, त्यातही आन होती. देशाचा मुक्तिलढा चालवणारा तो सहा फुटांहून उंच, कडक, कुणाशी दोन शब्द जास्त न बोलणारा माणूस संध्याकाळी या लेकीसाठी गाणी म्हणायचा.

आन वीस वर्षं जगली. ६ फेब्रुवारी १९४८ ला न्यूमोनियानं गेली. दफन झाल्यावर द गॉल बायकोला म्हणाले, "आता ती इतरांसारखी झाली." त्याआधीच, १९४५ मध्ये, दोघांनी आनच्या नावानं संस्था काढली होती. ज्यांच्या आईबापांची ऐपत नाही अशा, हिच्यासारख्या मुलींसाठी. ती संस्था आजही आहे. त्यामागचा सगळा विचार इव्हॉनचा : आपण गेल्यावर हिचं कोण बघेल? तो प्रश्न तुलाही रात्री छळत असणार. कोलोंबे गावच्या दफनभूमीत तिघं एकाच ठिकाणी आहेत, आधी आन, मग १९७० मध्ये वडील, १९७९ मध्ये आई.

मुलीला हळदीकुंकवाला ने, जत्रेला ने, देवळात ने. बघणारे बघतील. आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसशील तर या महिन्यातच काढ. चिकोडीला किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. आता त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं आणि पुढची सगळी मदत त्या कार्डावर चालते.

प्रश्न : मॅडम, आत्ताचे अध्यक्ष माक्राँ यांची बायको त्यांच्यापेक्षा खूप मोठी आणि त्यांची टीचर होती म्हणे. तिच्याबद्दल व्हॉट्सअॅपवर काय काय येतं, ती मुळात पुरुष आहे असंसुद्धा. खरं काय? आणि तिला सरकारी पगार असतो का?
— कॉलेज विद्यार्थी, संकेश्वर

उत्तर : शेवटचं आधी. ती पुरुष असल्याची गोष्ट धादांत खोटी आहे. तिच्या थोरल्या भावाचं नाव घेऊन ही कंडी कुणीतरी पिकवली. तो भाऊ वेगळा, जिवंत माणूस आहे. जुलै २०२५ मध्ये माक्राँ पतीपत्नींनी हे पसरवणाऱ्या एका अमेरिकन बाईवर तिथल्या डेलावेअर राज्यात अब्रुनुकसानीचा दावा लावला. तुझ्या मोबाइलवर आलं तर पुढे पाठवू नकोस.

ब्रिजित त्रोन्यो, जन्म १३ एप्रिल १९५३, गाव उत्तर फ्रान्समधलं अमियाँ. सहा भावंडांत धाकटी. त्रोन्यो मंडळींचं चॉकलेट-मिठाईचं दुकान १८७२ पासूनचं. कुंदा म्हटलं की बेळगाव, तसं बदामाचे माकाराँ म्हटलं की अमियाँ, आणि अमियाँत त्रोन्यो. बदाम, साखर, मध आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा तो पदार्थ असतो. रंगीबेरंगी, मध्ये क्रीम भरलेली जी बेकरीत दिसते ती वेगळी. म्हणजे घर व्यापाऱ्याचं, गावात वजन असलेलं. ती आठ वर्षांची असताना थोरली बहीण मोटार अपघातात गेली. याबद्दल ती स्वतः मुलाखतीत बोललेली आहे. १९७४ मध्ये एका बँकवाल्याशी लग्न, तीन मुलं : एक इंजिनिअर, एक हृदयरोगतज्ज्ञ, एक वकील. मग ती फ्रेंच आणि लॅटिन शिकवू लागली.

अमियाँतल्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत ती नाटकाचा वर्ग घ्यायची, तिथं इमान्युएल माक्राँ हा विद्यार्थी आला. तो तिच्या मधल्या मुलीच्या वर्गातला. दोघांत चोवीस वर्षांचं अंतर. आईवडिलांनी त्याला शेवटच्या वर्षाला पॅरिसला पाठवलं. तिचा घटस्फोट २००६ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ल तुके या समुद्रकाठच्या गावी दोघांनी लग्न केलं. बायको वयानं मोठी, यात मला काहीही गैर वाटत नाही. नवरा पंचवीस वर्षांनी मोठा असला तर आपल्याकडे कुणी पत्र लिहून विचारत नाही. पण शाळेतल्या पोरानं बाईंवर जीव लावला तर बाईंनी दार लावून घ्यायला हवं, हे माझं मत आहे आणि ते मी अध्यक्षाच्या बायकोसाठी बदलणार नाही. वर्गात मोठं माणूस एकच असतं.

शिक्षिका म्हणून ती चांगली होती असं तिचे विद्यार्थी सांगतात, आणि ते मला खरं वाटतं. पुढे अध्यक्षपत्नी झाल्यावरही पॅरिसच्या कडेच्या क्लिशी-सू-बुआ या गरीब वस्तीत, शाळा सुटलेल्या पंचवीस वर्षांवरच्या माणसांसाठी तिनं २०१९ मध्ये शिक्षणसंस्था काढली आणि तिथं स्वतः शिकवायला उभी राहिली.

पगाराचं : नाही. फ्रान्सच्या राज्यघटनेत अध्यक्षाच्या पत्नीला पद नाही. माक्राँ यांनी २०१७ मध्ये तसं अधिकृत स्थान द्यायचं ठरवलं, तेव्हा विरोधाच्या अर्जावर तीन लाखांच्या आसपास लोकांनी सह्या केल्या. मग ऑगस्ट २०१७ मध्ये नुसतं एक जाहीर पत्रक निघालं : तिला मानधन नाही, स्वतंत्र खर्चनिधी नाही, कार्यालयातली माणसं अध्यक्षांच्या कचेरीतूनच मिळतील.